खाडीचा व्हिडिओ आजचा की जुना? भरती, सावली आणि उपग्रहावरून ताडून कसा पाहावा

काही पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी फोनवर एक व्हिडिओ आला. लाटा माडांच्या बुंध्यांवर आपटतायत, पाणी अंगण ओलांडून पडवीच्या पायरीला लागलंय. खाली मजकूर: ‘देवबाग, आत्ता, साडेपाच.’ मी तो आमच्या पोर्टलवर टाकला. अर्ध्या तासात मुंबईच्या चाकरमान्यांचे फोन सुरू झाले. कुणाची आई एकटी, कुणाचं घर बंद. रात्री जेटीवर तात्या भेटले. त्यांनी व्हिडिओ पाहिलाही नाही, नुसता ऐकला आणि म्हणाले, “अरे, आज अष्टमी. भांगाचा पाणी घरात खंयसून येतला?” म्हणजे, अष्टमीला भरती कमी चढते, ते पाणी घरात कुठून येणार?

व्हिडिओ मे २०२१ मधला, तौक्ते वादळाचा निघाला.

कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे, पेट्रोल पंपावर आहे, आकाशात आहे. दृश्य मिळवणं हे आमचं काम राहिलेलं नाही. आलेल्या दृश्याला ‘कुठलं, कधीचं, कुणी काढलं’ हे विचारणं एवढंच उरलंय. शनिवारी मी पत्रकारितेच्या मुलांना शिकवतो, तेव्हा हाच क्रम देतो.

पायरी १: मूळ फाइल मागा

पाठवणाऱ्याला पहिला प्रश्न: “तुम्ही काढलात की तुम्हाला आला?” बहुतेक वेळा उत्तर असतं, “आला.” मग कुणाकडून, असं एकेक घर मागे जायचं. काढणारा सापडला तर त्याच्याकडून व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की फाइलमधली वेळ-ठिकाणाची नोंद गळून जाते आणि चित्राचा दर्जाही घसरतो. त्याच्या आधीचे-नंतरचे दोन व्हिडिओही मागा. खरोखर तिथे उभ्या असलेल्या माणसाकडे एकच व्हिडिओ क्वचित असतो. वापरायची परवानगीही तेव्हाच घेऊन टाका.

पायरी २: तुकडे करून शोधा

‘इनव्हिड’ हे ब्राउझरमधलं फुकट साधन व्हिडिओची स्थिरचित्रं करून देतं. ती गूगल लेन्स आणि यांडेक्स या चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनांत टाका, हेच दृश्य आधी कुठे आलंय का ते कळतं. दहा मिनिटांचं काम. मी त्या संध्याकाळी ही दहा मिनिटं दिली असती तर हा लेख वेगळ्या प्रसंगाने सुरू झाला असता.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं दृश्य ओळखायला पूर्वी दुकानांच्या पाट्यांवरची वेडीवाकडी देवनागरी पुरायची. आता ती खूण भरवशाची राहिलेली नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या.

पायरी ३: जागा पक्की करा

माडांकडे बघू नका, डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत माड सारखाच दिसतो. चिऱ्याचा गडगा कसा वळतो, विजेचा खांब घराच्या कुठल्या अंगाला आहे, देवळाचा कळस मागे दिसतो का, ते बघा आणि गूगल अर्थवर जुळवा. त्यातली जुनी चित्रंही उघडा. निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते या दोन वादळांत कौलं उडाली, काही घरांवर पत्रे आले. कौलाचं घर दिसतंय आणि आज तिथे पत्रा आहे, तर व्हिडिओ आजचा नाही.

पायरी ४: भरती विचारा

ही पायरी परदेशी पुस्तकात नाही, आपल्याकडे घराघरात आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य पक्षाच्या तिथ्या वेगळ्या मोजायच्या. भरती दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. पूर्ण भरतीनंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, संपलेली.

समजा, ‘आज पौर्णिमा, सकाळी अकरा, मालवण किनारा’ म्हणून व्हिडिओ आला आणि त्यात लांबवर ओली पुळण, उघडे पडलेले खडक दिसतायत. तारीख तरी खोटी, नाहीतर वेळ तरी. तात्यांनी लावला तो याच हिशेबाचा दुसरा भाग: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं, कमी उतरतं. वादळ असेल तर मात्र हा हिशेब मोडतो, तेव्हा हवामान खात्याचा त्या दिवसाचा इशाराही बघायचा. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, हेही धरा. छापण्याआधी भरती-ओहोटीचं अधिकृत कोष्टक बघाच. पाऊणपट ही संशय घेण्यापुरती.

पायरी ५: सावली

‘सनकॅल्क’ या संकेतस्थळावर जागा, तारीख आणि वेळ दिली की सावली कुठे पडेल ते दिसतं. आपल्याकडची एक गंमत: रत्नागिरीत मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला पडते. इतर महिन्यांत उत्तरेला. पावसात सावलीच नसते, तिथे ही पायरी सोडून द्या.

पायरी ६: वरून बघा

खाडीत भराव पडतोय, कांदळवन तोडलंय, अशी तक्रार आली की ‘कोपर्निकस ब्राउझर’ उघडा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं तिथे फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी एक. त्यातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपल्या भाषेत जवळपास एक गुंठा. त्यामुळे कुणी दोन गुंठ्यांत माती टाकली तर हा उपग्रह काही सांगणार नाही. वीस गुंठे गेले असतील तर लपणार नाही.

इथे पुन्हा भरती आडवी येते. हा उपग्रह कोकणावरून सकाळी अकराच्या सुमाराला जातो. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या चित्रात खाडी भरलेली आणि अष्टमीच्या चित्रात चिखल उघडा. एक विद्यार्थी माझ्याकडे दोन चित्रं घेऊन आला होता, ‘सर, खाडी निम्मी बुजवली.’ तारखा बघितल्या. पहिली अमावास्येची, दुसरी अष्टमीची. बुजवली नव्हती, सुकती होती. तेव्हा तुलना करताना महिना तोच घ्या आणि तिथीही जवळची घ्या. जून ते सप्टेंबर ढगांमुळे काही दिसत नाही. तेव्हा सेंटिनेल-१ची रडारचित्रं वापरा. रडार ढगांतून पाहतं, शांत पाणी त्यात काळं येतं.

अशा चित्रांतून केवढं काम होतं ते मासळीच्याच बातमीने दाखवलंय. २०१५ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आग्नेय आशियातल्या बोटींवर गुलामासारखे राबवलेल्या खलाशांचा माग काढला. त्यात गुलामांनी पकडलेली मासळी ट्रॉलरवरून मोठ्या जहाजावर चढताना उपग्रहाने टिपली. दोन हजारांहून जास्त माणसं सुटली आणि २०१६ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक त्या बातमीला मिळालं. पण सुरुवात उपग्रहाने झाली नव्हती. वार्ताहर आधी बंदरावर जाऊन खलाशांशी बोलल्या होत्या.

पायरी ७: सीसीटीव्ही आणि ड्रोन

सीसीटीव्हीचं चित्रण लगेच मागा, कारण साठवण भरली की यंत्र जुन्यावर नवं लिहितं. मागायला जाल तेव्हा पडद्यावरचं घड्याळ आणि तुमचा मोबाइल यांचा एकत्र फोटो काढा. बाजारपेठेतली ही घड्याळं सर्रास दहा-पंधरा मिनिटं पुढे-मागे असतात आणि अपघाताच्या बातमीत दहा मिनिटांत आरोपी बदलतो. पडद्याचं मोबाइलवर शूटिंग करून आणू नका, फाइल घ्या आणि तिचा हॅश, म्हणजे फाइलचा अंकी ठसा, नोंदवून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रातही हाच ठसा लिहावा लागतो.

ड्रोन उडवण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा बघा. लाल पट्ट्यात केंद्राच्या परवानगीशिवाय नाही, हिरव्यात १२० मीटरपर्यंत. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही, पण लाल पट्टा त्यालाही लालच. दरडीच्या ठिकाणी बचावकार्य चालू असेल तर ड्रोन पेटीत राहू द्या.

दुसऱ्याच्या ड्रोनचंही बघायला हवं. बेकायदा मासेमारीवर नजर ठेवायला राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने जानेवारी २०२५ मध्ये ड्रोन आणले. त्यांची कापून दिलेली वीस सेकंदं म्हणजे प्रेसनोटच. अख्खं चित्रण मागा आणि ज्याची होडी दिसते त्याला फोन करा.

पायरी ८: कोण ओळखू येतंय?

नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. वाडी लहान असते. होडीचा क्रमांक, पडवीतला झोपाळा, आवाज, यावरून माणूस गावाला कळतो. मुलांच्या आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. माहिती देणाऱ्याला भेटायला जाताना तुमचा स्वतःचा फोनही तुमची वाट नोंदवत असतो, तो कधीकधी घरीच ठेवावा.

शिकवणाऱ्यांसाठी एक सुचवणं. ६ जानेवारीला पत्रकार दिन, बाळशास्त्री जांभेकर आपल्याच देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, त्यामुळे त्या दिवशी भाषणं भरपूर होतात. त्याऐवजी मुलांना दहा व्हिडिओ द्या, पाच खरे, पाच जुने. माझ्या वर्गात हा खेळ पहिल्यांदा झाला तेव्हा सगळे लॅपटॉपला चिकटले आणि मालवणातल्या दांडी भागातल्या एका मुलीने कालनिर्णय उघडून चार जुने आधीच बाजूला काढले. पाचवा तिचाही चुकला, तो पुराचा होता आणि नदीत आत भरतीचा हिशेब चालत नाही.

चूक झालीच, तर बातमी गुपचूप उडवू नका. देवबागचा तो व्हिडिओ आमच्या पोर्टलवर अजून आहे. वर ठळक लिहिलंय: ‘हा व्हिडिओ मे २०२१ मधला, तौक्ते वादळाचा आहे. आम्ही तो चुकीने आजचा म्हणून दिला.’ चाकरमान्यांचे फोन त्यानंतरही दोन दिवस येत होते.