जुन्या ऑर्गनच्या दुरुस्त्यांचा इतिहास कसा नोंदवावा

संगीत नाटकाच्या दिवसांतला पायाने भाता मारायचा ऑर्गन सांगली-मिरजेकडच्या काही घरांत अजून आहे, आणि तो वाजेनासा झाला की घरचे लोक थेट कारागिराला बोलावतात. माझी कळकळीची विनंती आहे की, त्याआधी एक दिवस वही घेऊन वाद्याजवळ बसावे, कारण प्रत्येक नवी दुरुस्ती मागच्या दुरुस्तीच्या खुणा पुसते. आमच्या घरच्या ऑर्गनच्या पट्ट्या एका कारखान्यातून घासूनपुसून आल्या, तेव्हा पांढरी एकच्या (पाश्चात्त्य 'सी' स्वराच्या) पट्टीखाली शिसपेन्सिलीने लिहिलेली तारीखही गेली होती. ती मी वाचली होती, पण उतरवून घेतली नव्हती.

मागची फळी उघडताना स्क्रू पाहावेत. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले, त्यामुळे सरळ खाचेच्या रांगेत असा स्क्रू दिसला की ती बाजू नंतर उघडली गेली आहे. सांध्यांचेही तसेच आहे: मूळ सांधा सरसाचा असतो, तर फेविकॉल १९५९ चा. २०१९ च्या महापुरात भिजलेल्या वाद्यांत सरस सुटलेला आढळतो. पाण्याची रेघ जमिनीपासून किती इंचांवर आहे, तेही मोजून लिहावे.

खरा इतिहास सुरांवर, म्हणजे वाऱ्याने कंप पावून स्वर देणाऱ्या पितळी जिभांवर असतो. हातपेटीत भाता वारा सुरांमधून बाहेर ढकलतो, उलट अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनमध्ये तो बाहेरून आत ओढला जातो, त्यामुळे खोलीतली धूळ थेट सुरांवर बसते आणि स्वर किंचित उतरतो. म्हणून सफाईच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाची (पाश्चात्त्य 'ए' स्वराची) दर सेकंदाची कंपनसंख्या मोजावी. फ्रान्सने १८५९ मध्ये या स्वराची कंपनसंख्या ४३५ ठरवली होती आणि १९३९ च्या लंडन परिषदेत ४४० वर एकमत झाले. आपला आकडा यांपैकी कशाच्या जवळ आहे, ते लिहून ठेवावे. मग एकेक सूर छोट्या हुकाने ओढून क्रमाने फळीवर मांडावा आणि तिरप्या उजेडात भिंगातून पाहावा. पितळी जीभ टोकाशी घासली तर स्वर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो. एखाद्याच जिभेवर ओरखडे असतील तर ती किरकोळ जुळवणी समजावी; पण सगळी रांग बुडाशी घासलेली असेल, तर कोणीतरी संपूर्ण वाद्याचाच स्वर खाली उतरवला आहे, आणि ही गोष्ट घरातल्या कोणाला आठवते का, हे त्याच दिवशी विचारावे.

भात्याचे कापड बदलताना जुन्या कापडाची दोन बोटे रुंद पट्टी राखून ठेवावी.

लिहिताना पाहिलेले, ऐकलेले आणि तर्काने काढलेले वेगवेगळ्या पानांवर असावे. घरच्या मंडळींचे 'हा खुद्द नाटक कंपनीतला' हे म्हणणे ऐकलेल्याच्या पानावर जाते, मग ते कितीही प्रिय असो. नव्या कारागिराचे काम आणि तारीख शेवटी जोडावी, आणि वहीची एक प्रत पाकिटात घालून मागच्या फळीच्या आतल्या अंगाला, भात्यापासून दूर आणि खडखडणार नाही अशी घट्ट बसवावी.