जुन्या गाडीचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा : वायरिंगच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून गॅरेजमध्ये येणाऱ्या मुलांना ओहमचा नियम पाठ असतो, मल्टिमीटर धरता येतो आणि बॅटरी, अल्टरनेटर, सेल्फ यांचे सर्किट कागदावर काढता येते. तरीही पंधरा-वीस वर्षे जुनी गाडी समोर उभी राहिली आणि ‘टेल लाइट लावला की फ्यूज जातो’ एवढीच तक्रार कानावर पडली, की त्यांतले बरेच जण गोंधळतात. मीही त्यांतलाच होतो आणि आजसुद्धा भर पावसाळ्यात डिकीत पाणी साचलेली गाडी दारात आली की माझ्या पोटात गोळा येतो. हे लेखन अशा मुलांसाठी आहे, त्यामुळे फ्यूज म्हणजे काय आणि तो कसा बदलावा हे येथे सांगत बसणार नाही.

उडालेला फ्यूज फेकून देण्याआधी उजेडात धरून नीट पाहावा, कारण बिघाडाचा पहिला पुरावा तोच असतो. आतली पट्टी पार नाहीशी होऊन काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस काळपट-चंदेरी शिंतोडे उडाले असतील, तर एखादी उघडी वायर थेट बॉडीला टेकली आहे असे धरून चालायला हरकत नाही. पट्टी मधोमध वितळून नुसती फट पडली असेल, तर भार क्षमतेपेक्षा थोडाच जास्त होता, म्हणजे वायपरची मोटर जड फिरत असेल, ब्लोअरचे बुश सुकले असतील किंवा मालकाने हौसेने मोठे बल्ब बसवले असतील. हेडलाइटचा नेहमीचा बल्ब 60/55 वॅटचा असतो आणि 12 व्होल्टला हाय बीमचे दोन बल्ब मिळून 10 अँपिअर ओढतात. त्याच जागी 100/90 वॅटचे बल्ब लावले की तोच आकडा 16 च्या वर जातो, वायरिंग मात्र कारखान्यातून आली तेवढ्याच जाडीची राहते. फ्यूजचे पाय काळवंडले असतील आणि त्यांच्याभोवतीचे प्लॅस्टिक वितळले असेल, तर सर्किट तपासण्याच्या आधी सॉकेटमधली सैल पडलेली पिन तपासावी.

यानंतरची गोष्ट मी कठोरपणे सांगणार आहे. लाल रंगाचा 10 अँपिअरचा फ्यूज टिकत नाही म्हणून तेथे पिवळा 20 चा किंवा हिरवा 30 चा बसवणे, फ्यूजला तांब्याची तार गुंडाळणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणे, हे काम करणाऱ्याच्या हाताखाली एक दिवससुद्धा राहू नये. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. तो जड केला की सर्किटमधला सर्वांत नाजूक भाग वायर ठरते आणि ती गालिच्याखाली, जेथे कोणाला दिसत नाही तेथे तापू लागते. जुन्या काचेच्या फ्यूजच्या बाबतीत आणखी एक घोटाळा आहे. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेल्या अँबॅसिडरसारख्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत ल्यूकास पद्धतीचा जो 35 आकड्याचा फ्यूज सापडतो, त्यावरचा आकडा तो वितळण्याचा असतो. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता सुमारे 17 अँपिअर असते. दुसऱ्या पद्धतीचा, म्हणजे सतत 35 अँपिअर वाहू देणारा फ्यूज तेथे बसवला, तर आकडा जुळूनही रक्षण निम्म्यावर येते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. या धंद्यात मला सर्वांत जास्त कशाने छळले असेल, तर मीटरच्या बझरने, म्हणजे दोन टोकांमध्ये जोड असला की वाजणाऱ्या भोंग्याने. टेल लाइटचा फ्यूज उडाला की नवा मुलगा फ्यूज काढतो, मीटर बझरवर ठेवतो, एक टोक फ्यूजच्या भाराकडच्या पिनेला आणि दुसरे बॉडीला लावतो. बझर वाजतो आणि तो ‘शॉर्ट आहे’ असे जाहीर करून डॅशबोर्ड उघडायला घेतो. वास्तविक त्या सर्किटमध्ये काहीही दोष नसला तरी बझर वाजणारच असतो. पेटलेल्या 21 वॅटच्या बल्बचा रोध सुमारे 7 ओहम असतो, पण थंड असताना तो त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे एका ओहमपेक्षाही कमी भरतो. टेल लाइटच्या सर्किटमध्ये मागचे दोन, पुढचे दोन, नंबर प्लेटचे एक-दोन आणि मीटर पॅनेलचे बारके बल्ब समांतर जोडलेले असतात. या सगळ्यांचा थंड रोध मिळून इतका थोडा होतो, की बझरला तो आणि बॉडीला टेकलेली वायर यांतला फरक कळत नाही. मी हे तीन-तीनदा सांगतो आहे असे वाटेल, पण पुन्हा सांगतो : त्या सर्किटमधला प्रत्येक बल्ब होल्डरमधून काढल्याशिवाय बझरच्या आवाजावर विश्वास ठेवू नये. एखादा पॅनेलचा बल्ब जरी आत राहून गेला, तरी बझर वाजतो आणि माणूस चुकीच्या दिशेने दिवसभर खपतो.

बझरपेक्षा भरवशाचे साधन अगदी स्वस्तात घरी तयार होते. 12 व्होल्ट 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब आणि त्याचा होल्डर घ्यावा, होल्डरच्या दोन वायरी एका उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना सोल्डर कराव्यात आणि तो फ्यूज मूळ सॉकेटमध्ये खोचावा. हाच आपला टेस्ट लॅम्प. आता सर्किटमधून कितीही मोठा शॉर्ट झाला तरी पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह वाहू शकत नाही, फ्यूज वाया जात नाहीत आणि बिघाड जिवंत असताना शांतपणे शोधता येतो. गाडीचे बल्ब जागेवर असतील तर टेस्ट लॅम्प मंद पेटतो आणि त्याने घाबरून जाऊ नये. बल्ब काढले की तो विझला पाहिजे. सगळे बल्ब काढूनही तो लख्ख पेटत असेल, तर शॉर्ट आहे. मग एकेक कनेक्टर सोडत जायचे, आणि ज्याला हात लावताच दिवा विझतो त्याच्या पलीकडे दोष आहे असे समजायचे.

खरी परीक्षा घेतो तो गॅरेजमध्ये कधीच न उडणारा फ्यूज. मागे वर उघडणारे दार असलेली एक जुनी गाडी अशीच पुन्हा पुन्हा परत येत होती. उभ्या गाडीत सगळे दिवे तासभर लागत आणि रस्त्यावर गेल्यावर विझत. टेस्ट लॅम्प सॉकेटमध्ये खोचून, बल्ब काढून मी गाडीभोवती फिरत हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवत राहिलो, पण दिवा ढिम्म. डिकीचे दार खाली ओढले आणि शेवटच्या वीतभर अंतरात तो एकदम भडकला. बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवल्यावर आतल्या पाचही वायरींचे प्लॅस्टिक एकाच रेषेत, वळण पडते तेथे, कडक होऊन तडकलेले दिसले. नंबर प्लेटच्या दिव्याची वायर उघडी पडून बिजागरीच्या रंग उडालेल्या कडेवर घासत होती आणि त्या जागी तांब्याला काळी झिलई चढली होती. अशा ठिकाणी नुसती टेप गुंडाळून भागत नाही, कारण दार रोज उघडते आणि टेप सुटते. तडकलेला तुकडा कापून त्याच जाडीची मऊ वायर घालावी, सांधे वळणापासून दूर आणि एकमेकांपासून मागेपुढे घ्यावेत, सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवावी आणि मगच नळी जागेवर बसवावी.

अर्थिंगच्या, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या जोडाच्या, दोषाने सहसा फ्यूज उडत नाही, पण तेथेही मीटर असाच फसवतो म्हणून सांगतो. दहा तारांची वायर आतून गंजून एकच तार उरली तरी बझर वाजतो आणि भार नसताना पूर्ण 12 व्होल्ट दिसतात. गच्चीवरच्या टाकीचा पाइप चोंदलेला असावा, तोटी बंद असेपर्यंत दाब भरपूर वाटावा आणि उघडताच करंगळीएवढी धार यावी, तसेच ते आहे. दिवा चालू ठेवून मीटरचे एक टोक दिव्याच्या अर्थिंगच्या पिनेला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे. तेथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त काही दिसले, तर थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची बॉडीला स्क्रूने आवळलेली कडी, काढून बॉडीवरचा रंग आणि गंज खरवडावा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल, तर हे तपासल्याशिवाय दुसरे काही उघडू नये.

येथे एक मर्यादा पाळावी. टेस्ट लॅम्पची ही पद्धत साध्या दिव्यांच्या, हॉर्नच्या, वायपरच्या सर्किटसाठी आहे. एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीच्या ईसीयूकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडे, जाणाऱ्या सेन्सरच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नये, आणि एअरबॅगच्या पिवळ्या आवरणातल्या वायरींना तर मीटरही लावू नये.

उस्तादांविषयी माझे मत काहीसे तिखट आहे. ‘शोधत कशाला बसतोस, बॅटरीवरून डायरेक्ट वायर मार’ असे सांगणारा उस्ताद कितीही जलद काम उरकत असला, तरी त्याच्याकडून शिकण्यासारखे थोडेच असते. अशा डायरेक्ट मारलेल्या वायरींचे जंजाळ पुढे तुम्हालाच सोडवावे लागते. पद्मिनीच्या टॅक्सींवर आयुष्य काढलेले काही वायरमन मात्र मी पाहिले आहेत, जे चिनी मातीचे फ्यूज नुसते बोटांनी फिरवून आणि क्लिपांवरून एमरी पेपर मारून अर्ध्या तक्रारी मिटवत. त्यांना ओहमचा नियम सांगता आला नसता, पण कोणती वायर कोठे घासते हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्यासारख्या कोणाशेजारी उभे राहायला मिळाले, तर पहिले काही महिने पगार कमी मिळाला तरी राहावे. व्हिडिओ पाहून शिकू नये असे मी म्हणत नाही. पण त्यांत दोष नेहमी दहा मिनिटांत सापडतो, आणि तुम्हाला दोन दिवस लागले तर तुम्ही अपात्र आहात असा समज करून घेऊ नये. अधूनमधून येणारा शॉर्ट शोधायला अनुभवी माणसालाही दिवस लागतो.

काम झाल्यावर मूळ आकड्याचाच फ्यूज बसवावा, सगळे भार चालू करून दहा मिनिटांनी फ्यूजला बोट लावून पाहावे, आणि गाडी गतिरोधकांवरून फिरवून आणावी. मजुरीचे मात्र काम हाती घेण्याआधीच बोलावे. ग्राहकाला पाच-दहा रुपयांचा फ्यूज दिसतो आणि तो शोधण्याचे पैसे द्यायला कुरकुर करतो, तेव्हा ‘शोधण्याची मजुरी वेगळी, सापडला नाही तरी निम्मी’ हे स्पष्ट सांगून, तडकलेल्या वायरीचा कापलेला तुकडा त्याच्या हातात ठेवावा.