वळीव पडला की कुरणातलं गाजर गवत कसं काढायचं

आमचा सव्वादोन एकर माळ आहे पारनेर तालुक्यात, मुरमाड, वरच्या अंगाला बांध आणि खाली ओढा, पाच गाई आणि आठ-दहा शेळ्यांच्या चाऱ्यासाठी राखलेला. पाच वर्षांपूर्वी त्यातला निम्मा माळ गाजर गवताने खाल्ला होता. आता पूर्ण गेलंय असं नाही म्हणणार, पण एका सकाळी दोघांनी फिरून उपटून होईल इतकंच उरतं. काय काय केलं, काय चुकलं ते सगळं लिहितो, कारण दर पावसाळ्यात कोण ना कोण विचारतंच.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. बहुतेक लोक गाजर गवत काढायला श्रावणात निघतात, तोपर्यंत ते कंबरेएवढं होऊन पांढऱ्या फुलांनी डवरलेलं असतं, आणि आपण ते उपटून बांधावर टाकतो म्हणजे खरं तर बी पेरत फिरतो. एका झाडाला हजारोंनी बी येतं, मोठं झाड असेल तर दहा-पंधरा हजार सहज, आणि ते इतकं बारीक की वाऱ्यावर, पाण्याबरोबर, गाडीच्या चाकाला, बैलाच्या खुराला चिकटून कुठंही जातं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं. म्हणून खरा मोका असतो वळवाच्या पावसानंतर, एप्रिल-मेमध्ये.

एक-दोन चांगले वळीव झाले की आठवड्याभरात माळाकडे नीट बघा. मारवेल, पवना ही चाऱ्याची गवतं अजून जेमतेम पोपटी कोंब काढत असतात, कुसळी गवत तर झोपलेलंच असतं, आणि मधेमधे जमिनीला चिकटून, गाजराच्या पानासारख्या कातरलेल्या पानांचे चक्राकार गुच्छ दिसतात. तेच ते. या अवस्थेत ते ओळखायला सगळ्यात सोपं आणि काढायला पण. मधे महिनाभर पाऊस नाही आला तरी हे गुच्छ तसेच चिवटपणे बसून राहतात आणि मृग बरसला की एकदम वर उसळतात, तेव्हा गवताला डोकं वर काढायला जागाच उरत नाही.

काढायचं कसं. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी असताना काढायचं, वाळलेल्या मुरमात ओढलं तर वरची पानं हातात येतात आणि मूळ खालीच राहतं. गुच्छाच्या मधोमध, जमिनीलगत बोटं घालून बुडखा धरायचा आणि सरळ वर ओढायचं, तिरकं नाही. पांढरं सोटमूळ अख्खं बाहेर आलं की समजायचं जमलं. तुटलं तर खुरप्याचं टोक दोन बोटं खाली घालून काढा. हाताला रबरी मोजे, अंगात फुल बाह्यांचा शर्ट, आणि पुढे फुलं आली असतील तर तोंडाला रुमाल. मी पहिल्या वर्षी मर्दुमकी दाखवत उघड्या हाताने चार दिवस उपटत बसलो, पाचव्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे आणि रात्रभर खाज, डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले आता या गवतापासून लांब राहा. एकदा ॲलर्जी झाली की पुढं थोड्याशा स्पर्शाने पण उठते, आणि परागकणांनी दमा असलेल्यांना फार त्रास होतो, त्यामुळे घरात कुणाला असलं काही असेल तर त्याला या कामावर नेऊच नका.

दुसरी चूक म्हणजे ग्रासकटर. भाड्याने आणला, अर्ध्या दिवसात सगळं सपाट, काय भारी वाटलं होतं. पंधरा-वीस दिवसांत बुडख्यातून प्रत्येकी पाच-सहा फांद्या फुटल्या आणि घोट्याएवढ्या उंचीवरच फुलायला लागलं, म्हणजे आता कापायला पण येईना आणि उपटायला गेलं तर बुडखा असा घट्ट की कंबर जाते. तेव्हा कापणी विसरा, मुळासकटच काढायचं.

उपटलेलं कुठं टाकायचं? फुलं यायच्या आत काढलेलं असेल तर सोन्यासारखं खत होतं. तीन फूट खोल खड्डा घ्या, एक थर गाजर गवत, त्यावर शेणकाला आणि मूठ-मूठ माती, असं थरावर थर, वरून मातीने लिंपून टाका, चार-पाच महिन्यांत तयार. उघड्यावर ढीग लावू नका, ढिगाच्या कडेला पुरेशी उष्णता होत नाही आणि बी असलं तर जिवंत राहतं. फुललेलं गवत खतात घालूच नका, आम्ही ते एका कोपऱ्यात वाळवून तिथंच जाळतो, पण सांभाळून, शेजारी वाळका माळ असताना नाही. आणि हो, वणव्याने कुरण साफ होतं असं जे म्हणतात ना, ते आमच्याकडे तरी उलटं झालं. जळालेल्या उघड्या जमिनीवर पहिलं आलं ते गाजर गवतच.

आता फवारणीचं. तणनाशक वाईट असं मी म्हणत नाही, पण कुरणात ते शेवटचं हत्यार. टू-फोर-डी रुंद पानाच्या तणावर चालतं आणि गवताला सोडतं, म्हणून कुरणात तेच वापरतात, पण तुम्ही स्टायलो किंवा दशरथ गवत अशी चाऱ्याची पिकं लावली असतील तर ती द्विदल, म्हणजे रुंद पानाच्या गटातलीच आहेत, ती पण मरतील. कोवळ्या गुच्छांवर मारा, डोस डब्यावर लिहिलाय तोच, वारा पडलेला असताना, पंपाच्या नोझलला हूड लावून, आणि पुढचे पाच-सहा तास पाऊस नको. एस्टर प्रकारचं असेल तर त्याची वाफ लांब जाते, आसपास द्राक्ष, कापूस, टोमॅटो, वांगी असतील तर नादी लागू नका. आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, वे-ग-ळा. मी तोच पंप दोनदा पाण्याने विसळून टोमॅटोला बुरशीनाशक मारलं. आठवड्याने शेंडे असे वळले की जणू कुणी पानं पिळून ठेवलीत, अर्धा प्लॉट गेला, घरी दोन दिवस कुणी बोललं नाही माझ्याशी. ग्लायफोसेट तर कुरणात नकोच, ते गवतासकट सगळं हिरवं मारतं, शिवाय २०२२ पासून केंद्राने त्याचा वापर फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच करायचा असा नियम केलाय. मिठाचं पाणी मारा असं पण सांगतात, १५-२० टक्क्यांचं. मरतं खरं, पण मीठ जमिनीत राहतं. रस्त्याकडेला ठीक, जिथं चारा पिकवायचाय तिथं कशाला?

फवारलेल्या भागात जनावर सोडू नका, डब्यावर जितके दिवस लिहिलेत तितके. मरगळलेलं तण कधी कधी जनावराला गोड लागतं आणि एरवी तोंड न लावणारी शेळी पण खाते. तसं गाजर गवत जनावरं सहसा टाळतात, पण चारा कमी पडला की खातात, आणि मग दुधाला कडवटपणा येतो. एका उन्हाळ्यात आमचं दूध डेअरीतून परत आलं तेव्हा आईने ओंजळीत घेऊन चाटून बघितलं आणि लगेच म्हणाली, गाई ओढ्याकडं गेल्या होत्या का रे? ओढ्याकाठी तेवढंच हिरवं होतं.

मेक्सिकन भुंग्याबद्दल पण लोक विचारतात. हा भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बेंगळुरूला आणला, मळकट पांढऱ्या पाठीवर गडद तपकिरी नागमोडी रेघा असतात, तो आणि त्याच्या अळ्या दोघं गाजर गवताची पानं खातात. आता बऱ्याच ठिकाणी आपोआप सापडतो. थंडी-उन्हाळ्यात मातीत दडून बसतो आणि पाऊस सुरू झाला की बाहेर येतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये कुठं पानांची चाळण झालेली झाडं दिसली तर सकाळी डब्यात भुंगे गोळा करून आणा आणि आपल्याकडे दाट गवत असेल तिथं सोडा. एका जागी शे-दोनशे तरी हवेत, पाच-दहा सोडून काही होत नाही. आणि जिथं सोडलेत तिथं फवारणी बंद.

बांधाला आम्ही तरोटा लावलाय, आमच्याकडे टाकळा म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला वाळलेल्या शेंगा गोळा करायच्या, मेअखेर बी फेकायचं. तो दाट उगवून गाजर गवताला दाबतो. जनावरं तो खात नाहीत म्हणून कुरणाच्या आत नको, फक्त कडेने. पहिल्या पावसात त्याची कोवळी भाजी पण होते, तेवढाच फायदा.

पण हे सगळं करून जागा मोकळी सोडली तर दोन वर्षांत परत तेच. उपटलेल्या ठिकाणी काहीतरी लावाच. आम्ही जूनच्या पहिल्या चांगल्या पावसात मारवेलचे ठोंब, म्हणजे मुळासकट फुटवे, लावले, दीड फुटावर ओळी, ओळीत एक फुटावर ठोंब. मधे स्टायलो हमाटा फेकला, एकरी तीन-चार किलो. त्याचं बी टणक असतं, उकळून थोडं निवलेल्या, ८० डिग्रीच्या आसपासच्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून, सावलीत सुकवून मग मातीत मिसळून फेका, नाहीतर निम्मं उगवतच नाही. आणि पावसाचे पहिले दोन महिने जनावर आत नाही म्हणजे नाही. हे सगळ्यात अवघड, कारण समोर हिरवं दिसतंय आणि गाय हंबरतेय. हिवरे बाजारला चराईबंदी केली आणि गवत कापून न्यायची पद्धत लावली, ती आपल्या दोन एकरात पण चालते. विळ्याने कापा, गोठ्यात टाका, फुलोऱ्यात आल्यावर कापा म्हणजे कुसळीची कुसळं पण शेळ्यांच्या तोंडात जात नाहीत.

घाणेरी असेल तर तिची गोष्ट वेगळी, ती नुसती तोडून उपयोग नाही, टिकावाने जमिनीच्या दोन-तीन इंच खाली मुख्य मूळ तोडून झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे परत फुटत नाही. तिच्या पाल्याने जनावरांना कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते, तेव्हा हे लांबवू नका.

मग गाजर गवत उपटायची जुलैमध्ये एक फेरी, पोळ्याच्या आधी एक, आणि दिवाळीनंतर एक. दिवाळीनंतरची आम्ही दोन वर्षं टाळली आणि ओढ्याच्या ओलीवर हिवाळाभर फुललेलं गवत मार्चमध्ये दिसलं. आता कडबा किंवा वाळलं गवत बाहेरून विकत घेतलं तर ते कुरणात पसरत नाही, गोठ्यातच टाकतो, आणि कच्चं शेणखत माळावर नेत नाही. मागच्या वर्षी विकत आणलेल्या एका ट्रॉलीतून जे काय उगवलं, ते अजून ओढ्याच्या कडेने उपटतोय.