चिनी सिनेमा पाहायचाय? मग हॉलिवूडच्या जोडीनं पाहा

चिनी सिनेमा म्हटलं की आपल्याकडे अजून दोनच गोष्टी आठवतात: जॅकी चॅनची मारामारी आणि बांबूच्या शेंड्यांवरून उडणारे तलवारबाज. त्यातला जॅकी चॅन तर हाँगकाँगचा. हॉलिवूडचं नेमकं उलट. ते इतकं पाहून झालंय की तिकीट काढायच्या आधीच मत तयार असतं. दोन्ही अडचणींवर माझा एकच उपाय आहे. एक चिनी आणि एक अमेरिकन सिनेमा निवडायचा, विषय शक्यतो सारखा, आणि दोन्ही एकाच शनिवार-रविवारी पाहायचे. एकट्या सिनेमात जे लक्षात येत नाही, ते शेजारी दुसरा ठेवला की दिसायला लागतं.

पुढे काही शेवट फोडले आहेत, ते सांगून ठेवतो.

१. आधी ओळखीची गोष्ट घ्या

पहिला सिनेमा 'शीप विदाउट अ शेफर्ड' (२०१९). गोष्ट तुम्हाला पाठ आहे, कारण हा आपल्या 'दृश्यम'चा चिनी अवतार. मूळ मल्याळम सिनेमा जीतू जोसेफ यांचा, २०१३चा. आपल्या ओळखीचा हिंदी २०१५चा, निशिकांत कामत यांनी केलेला: विजय साळगावकर, गोवा, २ ऑक्टोबर, पणजीतला सत्संग, पावभाजी. चिनी सिनेमात सत्संगाच्या जागी थायलंडमधलं मुए थाई बॉक्सिंग आहे. हो, थायलंड. कुटुंब चिनी, पण गोष्ट घडते परदेशात. भ्रष्ट पोलीस आणि सत्तेपुढे हतबल झालेला सामान्य माणूस स्वतःच्या देशात दाखवण्यापेक्षा शेजारच्या देशात दाखवणं सोपं जातं, असं माझं निरीक्षण.

खरा फरक शेवटी. आपला विजय सुटतो आणि प्रेक्षक खूश होऊन घरी जातो. चिनी नायक मात्र स्वतःहून गुन्हा कबूल करतो आणि तुरुंगात जातो. कारण उघड आहे, गुन्हेगार मोकळा फिरताना दाखवलेलं तिथल्या सेन्सॉरला चालत नाही. पण गंमत अशी की सिनेमा त्या सक्तीतूनही काहीतरी काढतो. मुलीच्या मनावर या सगळ्याचा काय परिणाम होतोय, हे त्या बापाला दिसतं आणि म्हणून तो कबुली देतो. पटकथा म्हणून मला आपला शेवट जास्त आवडतो. माणूस म्हणून त्यांचा जास्त खरा वाटतो.

२. आवाज मूळ भाषेत ठेवा

डबिंग बंद, सबटायटल चालू. इंग्रजी डबिंगमध्ये चिनी विनोद हमखास मरतो. नावांचा गोंधळ होणारच, पण एवढं लक्षात ठेवा की आडनाव आधी येतं. दिग्दर्शक झांग यिमोऊ यांना 'यिमोऊ साहेब' म्हणू नका, झांग हे आडनाव. पहिल्या वीस मिनिटांत कोण कोणाचं ते कळलं नाही तर घाबरू नका, तसंच पाहत राहा.

सुरुवातीला पडद्यावर ड्रॅगनचं चिन्ह येतं, ते सरकारी परवान्याचं. आपल्याकडे सेन्सॉरचं प्रमाणपत्र दाखवतात तसंच, फक्त त्यात 'यू' किंवा 'ए' नसतं. चीनमध्ये वयानुसार वर्गवारीच नाही. एकदा परवाना मिळाला की सिनेमा सगळ्यांसाठी, आणि म्हणूनच कात्री जास्त.

३. आता जोड्या लावा

*प्रलयाची जोडी.* 'द वाँडरिंग अर्थ' (२०१९) आणि 'इंटरस्टेलर'. नोलनचा सिनेमा जुना आहे, पण २०२५च्या फेब्रुवारीत आपल्याकडे पुन्हा लागला तेव्हा आयमॅक्सला गर्दी उसळली होती, त्यामुळे बहुतेकांच्या डोक्यात ताजा असेल. अमेरिकन सिनेमात पृथ्वी राहण्यालायक उरली नाही म्हणून माणूस दुसरं घर शोधायला निघतो. चिनी सिनेमात सूर्य फुगून पृथ्वीला गिळणार म्हणून माणसं अख्ख्या पृथ्वीलाच हजारो इंजिनं बसवतात आणि घरच उचलून नेतात. मूळ कथा लिऊ त्सिशिन यांची. एका जागी नायक एकटा आणि त्याचं कोडं त्याच्याच मुलीशी सुटतं. दुसरीकडे शेवटी धक्का मारायला अनेक देशांच्या तुकड्या धावतात. विज्ञान दोन्हीकडे हवं तिथे वाकवलंय. 'वाँडरिंग अर्थ'च्या पहिल्या भागातली पात्रं कागदी आहेत. २०२३चा दुसरा भाग, जो खरं तर आधीची गोष्ट सांगतो, खूप बरा. पण तो तीन तासांना थोडाच कमी आहे, रात्री जेवून लावू नका.

*ॲनिमेशनची जोडी.* 'नेझा २' आणि 'इनसाइड आउट २'. आधी २०१९चा पहिला 'नेझा' पाहाच, नाहीतर दुसऱ्यात काहीच कळणार नाही. हा हट्टी, आगलावा पोरगा चीनचा लाडका देव. अभ्यासक त्याचं मूळ आपल्या नलकूबरापर्यंत नेतात. कुबेराचा हा मुलगा बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला पोचला. बाळकृष्णानं कमरेला बांधलेलं उखळ ओढत नेऊन दोन झाडं पाडली आणि त्यातून दोन भाऊ शापमुक्त झाले, त्यातला एक नलकूबर.

'नेझा २'चा पहिला अर्धा भाग मला कर्कश वाटला. लघवी-ओकारीचे विनोद पोरांना आवडतील. शेवटची लढाई मात्र मोठ्या पडद्यासाठीच केलेली, आणि आई-मुलाचा प्रसंग कोणालाही रडवेल. शेजारी 'इनसाइड आउट २' ठेवा. रायलीची सगळी घालमेल तिच्या डोक्यात चालते, आईवडिलांना पत्ताही नसतो. नेझाचे आईबाप त्याच्याबरोबर लढाईत उतरतात. तेरा वर्षांच्या मुलीची चिंता इतकी नेमकी पकडणारा सिनेमा मला चिनी बाजूला अजून सापडलेला नाही.

*देशभक्तीची जोडी.* 'वुल्फ वॉरियर २' (२०१७) आणि 'टॉप गन: मॅव्हरिक' (२०२२). ही जोडी सगळ्यात शिकवून जाते. पहिल्याच्या शेवटी पडद्यावर चिनी पासपोर्ट येतो आणि मजकूर असतो की परदेशात संकट आलं तर घाबरू नका, तुमच्या पाठीशी समर्थ मातृभूमी आहे. आपण हसतो, हा तर प्रचार! मग मॅव्हरिककडे या. अमेरिकी नौदलाच्या मदतीनं काढलेला सिनेमा, शत्रूचं नावच नाही, विमानं देखणी. तोही प्रचारच, फक्त केस नीट विंचरलेला. त्यात आणखी एक किस्सा आहे. २०१९च्या पहिल्या ट्रेलरमध्ये नायकाच्या जॅकेटवरचे तैवान आणि जपानचे झेंडे बदललेले होते. तेव्हा चीनच्या टेन्सेंटचा पैसा त्यात होता. पुढे ती कंपनी बाहेर पडली आणि सिनेमा आला तेव्हा झेंडे परत जागेवर होते.

४. कात्री कुठे लागली ते शोधा

हॉलिवूडही चीनसाठी वाकत आलंय. 'आयर्न मॅन ३'च्या चिनी आवृत्तीत तिथली अभिनेत्री फान बिंगबिंग हिचे प्रसंग जास्तीचे घातले होते, बाकी जगाला ते दिसलेच नाहीत. २०२२मध्ये टेन्सेंटच्या संकेतस्थळावर 'फाइट क्लब'चा स्फोटांचा शेवट काढून पोलिसांनी कट उधळल्याची पाटी लावली होती. बोंब झाल्यावर बराचसा भाग परत आला. वाकण्याचं कारण साधं, २०१२पासून चीन कमाईत वाटा देऊन वर्षाला साधारण ३४च विदेशी सिनेमे घेत आला आहे, आणि त्या रांगेत सगळ्यांनाच उभं राहायचं असतं. २०२५च्या एप्रिलमध्ये आयातशुल्काच्या भांडणात अमेरिकी सिनेमे आणखी कमी करू, असं चीननं जाहीर केलं.

आणि हसताना जरा जपून. २०२५च्या 'सुपरमॅन'मधल्या चुंबनावर आपल्याही बोर्डानं कात्री चालवलीच.

५. आकड्यांना भुलू नका

'नेझा २'नं २०० कोटी डॉलरच्या वर कमावले, 'इनसाइड आउट २'नं सुमारे १७० कोटी. पण पहिल्याची जवळपास सगळी कमाई एकट्या चीनमधली, दुसऱ्याची जगभरातली. शिवाय चिनी नववर्षाच्या सुट्टीत तिथे अख्खी कुटुंबं थिएटरला जातात, जशी आपल्याकडे दिवाळीत जातात. म्हणून दर्जाचा अंदाज हवा तर तिथल्या डौबान या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी दहापैकी किती गुण दिलेत ते बघा.

६. मत आधी स्वतः लिहा

सिनेमा संपला की यूट्यूबवरचं 'एंडिंग एक्सप्लेन्ड' उघडायच्या आधी फोनमध्ये दोन ओळी लिहा. कुठे कंटाळा आला आणि कुठे मान वर झाली, एवढंच. 'मस्त' किंवा 'बकवास' लिहायला बंदी. मग ग्रुपवर टाका आणि वाद होऊ द्या.

सहा पायऱ्यांचा कंटाळा आला असेल तर एकच सिनेमा सुचवतो: 'डायिंग टू सर्व्हाइव्ह' (२०१८). शांघायमधला एक कर्जबाजारी दुकानदार रक्ताच्या कर्करोगावरचं भारतीय जेनेरिक औषध चोरट्या मार्गानं नेऊन विकतो. सुरुवातीला पैशासाठी, नंतर माणसांसाठी. खऱ्या घटनेवर बेतलेला. आपल्या औषधांच्या गोळ्या या गोष्टीत जवळजवळ नायक आहेत, तरी आपल्याकडे तो फार कमी लोकांनी पाहिलाय. शेवटी नायकाला शिक्षा होते आणि औषधांबाबत सरकारनं काय सुधारणा केल्या, याची पाटी येते. ती का आली, हे आता तुम्हाला सांगायला नको. जोडीला मॅथ्यू मॅकॉनहीचा 'डॅलस बायर्स क्लब' लावा, तिथे एक रुग्णच औषधं चोरट्या मार्गानं आणतो. मला चिनीच जास्त आवडला.