खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये शेवाळ माजले, मासे बिथरले? आधी हे तपासा

दगडांवर हिरवे शेवाळ केसांसारखे वाढले आहे आणि क्लाउनफिश कोपऱ्यात धापा टाकतोय. अशा वेळी बरेच जण दुकानातून शेवाळ मारायचे औषध आणतात. ते आणू नका. शेवाळ आणि माशांचे बिथरणे यांचे मूळ बहुधा एकच असते, ते म्हणजे बिघडलेले पाणी. औषधाने शेवाळ मेले की ते त्याच पाण्यात कुजते आणि माशांचे हाल वाढतात.

१. सकाळी दिवे लागण्याआधी टँक पाहा. शेवाळ उजेडात प्राणवायू सोडते, पण रात्री स्वतःच तो वापरते. म्हणून शेवाळ माजलेल्या टँकमध्ये पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि दुपारपर्यंत सावरत असतील, तर आधी प्राणवायूचाच संशय घ्या. वेव्हमेकरचा (टँकमध्ये पाण्याचा प्रवाह तयार करणाऱ्या पंपाचा) झोत वर वळवा, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ढवळत राहील. प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण बाहेर काढणारे यंत्र) रात्रीही चालू ठेवा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा त्रास वाढतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तापमान 25-26 अंश चांगले. ते 29-30 च्या पुढे जाऊ लागले तर पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. पंख्याने पाणी वाफ होऊन जास्त उडते, पण मीठ मागेच राहते. त्यामुळे ही तूट आरओच्या गोड्या पाण्याने भरा, खाऱ्या पाण्याने नाही.

२. पाणी तपासणीच्या किटने मोजा. अमोनिया आणि नायट्राइट (विष्ठा आणि उरलेले खाणे कुजून तयार होणारी विषारी द्रव्ये) शून्य हवेत, विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) 1.025 च्या आसपास. अमोनिया दिसला तर माशांना खाणे देणे थांबवा आणि त्याच दिवशी 25-30 टक्के पाणी बदला. नव्या पाण्याचा खारेपणा आणि तापमान टँकइतकेच ठेवा. शेवाळाचे खत असलेले नायट्रेट, फॉस्फेट किट शून्य दाखवत असूनही शेवाळ फोफावत असेल, तर किटवर विसंबू नका. पाण्यात पडलेले खत शेवाळ लगेच शोषून घेते, किटसाठी काही उरतच नाही.

आता घरच्या आरओबद्दल. पिण्याच्या पाण्याच्या अनेक यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळतात. मीठ कालवण्याआधी त्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजा. तो जवळजवळ शून्य हवा. पन्नास-साठ आला, तर पाण्याच्या प्रत्येक बदलाबरोबर तुम्ही शेवाळाला खतपाणी घालत असाल.

३. शेवाळ ओळखा. नव्या टँकमधला तपकिरी, पुसता येणारा थर डायटमचा (एक सूक्ष्म शेवाळ). तो काही आठवड्यांत बहुधा आपोआप जातो. हिरवे केसाळ शेवाळ हाताने उपटा आणि नळीने बाहेर ओढून घ्या. दिवे आठ तासांवर आणा, खाणे कमी करा. गोठवलेले खाणे वितळवून त्याचे पाणी फेकून द्या. शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी मदत करतात, पण उपटण्याचे काम तुमचेच.

बुडबुडे धरलेला, पापुद्र्यासारखा निघणारा लालसर थर हे शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर वाढणारे जिवाणू असतात. तो नळीने काढा, तिथला प्रवाह वाढवा. तरी हटला नाही तर टँक तीन दिवस अंधारात ठेवा आणि हवेचा पंप चालू ठेवा, कारण मरणारा थरही प्राणवायू खातो.

४. पाणी ठीक, तरी मासा विचित्र वागतो? तो दगडावर अंग घासत असेल आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील, तर व्हाइट स्पॉट या परजीवीच्या रोगाचा संशय घ्या. बारीक भुकटी उडवल्यासारखा थर, झपाझप चालणारे कल्ले आणि झोतासमोर जाऊन राहणे ही व्हेल्वेट या दुसऱ्या परजीवीच्या रोगाची लक्षणे. व्हेल्वेट काही दिवसांत अख्खा टँक रिकामा करू शकतो, तेव्हा उद्यावर ढकलू नका. सगळे मासे वेगळ्या टँकमध्ये हलवून तिथे तांब्याचे औषध लेबलप्रमाणे द्या आणि तांब्याचे प्रमाण किटने मोजत राहा. मुख्य टँकमध्ये ते कधीच टाकू नका; गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ सगळे मरतील. व्हाइट स्पॉटनंतर मुख्य टँक 76 दिवस माशांविना ठेवायची पद्धत अनुभवी लोक पाळतात.

क्लाउनफिशच्या काही सवयी मात्र नेहमीच्याच असतात. लहान क्लाउनफिश मोठ्या मादीपुढे थरथरतो, ती शरणागती असते. रात्री कोपऱ्यात आडवा होऊन तरंगणे ही त्याची झोप. सकाळी दिवे लागल्यावर खाण्यावर झडप घालत असेल, तर त्याला औषधाच्या टँकमध्ये हलवायची गरज नाही.