‘क्वॉड’ आणि ‘टेट्रा’: चारचे शब्द वाचायचे कसे?

सेमी-इंग्लिशच्या आठवी ते दहावीच्या मुलांची मी घरी गणिताची शिकवणी घेते. एका मुलीने चौकोनाचं उदाहरण फळ्यावर झरझर सोडवलं, पण प्रश्न मोठ्याने वाच म्हटल्यावर ‘क्वाडी... क्वाडरी...’ करत गप्प झाली. तेव्हापासून चारचे शब्द मी आधी मुलांच्या तोंडी बसवते, मग उदाहरणांना हात घालते.

सुरुवात मराठीतून करा. चौकोन, चौकट, चौरंग: ‘चौ’ म्हणजे चार, हे मुलांना सांगावं लागत नाही. इंग्रजीत तेच काम लॅटिनमधून आलेला ‘क्वॉड’ आणि ग्रीकमधून आलेला ‘टेट्रा’ करतात. आपला ‘चतुर्’ आणि हे दोघे एकाच मुळातून फुटलेले आहेत.

आता उच्चार. क्यू-यूच्या पुढे ए आला की बहुतेक वेळा ‘ऑ’ म्हणायचं: क्वॉलिटी, स्क्वॉड. म्हणून ओठ गोल करून ‘क्वॉड’. अमेरिकन माणूस ‘क्वाड’ म्हणेल, त्याचं तेही बरोबरच.

मग जोर. क्वॉड्रंट म्हणजे आलेखाचं चरण, क्वॉड्रुपेड म्हणजे चतुष्पाद. दोन्हींत जोर पहिल्या अक्षरावर. क्वॉड्रिलॅटरलसाठी मी टाळ्या वाजवायला लावते: क्वॉड-रि-लॅ-ट-रल. पाच टाळ्या, तिसरी जोरात. ‘लॅटरल’मध्ये बाजू आहे, म्हणून चार बाजूंचा तो चौकोन.

क्वॉड्रॅटिक म्हणजे वर्गसमीकरण, ज्यात एक्सचा सर्वात मोठा घात दोन असतो. त्यात जोर ‘ड्रॅ’वर. इथे दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ‘बाई, घात तर दोनच आहे, मग चार कुठून आले?’ हा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं. वहीच्या मागच्या पानावर एक चौरस काढायला सांगते. बाजू एक्स, तर क्षेत्रफळ एक्सचा वर्ग. लॅटिनमध्ये चौरसाला ‘क्वाद्रातुम’ म्हणत, क्वॉड्रॅटिक त्यावरून आला. चार आहेत त्या चौरसाच्या बाजू! आणि आपलं ‘वर्गसमीकरण’ही तसंच: आर्यभटाने वर्ग म्हणजे समचतुरश्र, म्हणजे चौरसच, असं सांगून ठेवलंय.

टेट्राहीड्रन हा शब्द मुलं ‘टेट्राहेड्रॉन’ वाचतात. जोर ‘ही’वर द्या, शेवट हलका सोडा. अर्थ हातानेच कळतो: कागदाचा समभुज त्रिकोण कापा, बाजूंचे मध्यबिंदू जोडा, त्या रेषांवर घड्या घालून तिन्ही टोकं वर एकत्र आणा. चार पृष्ठं मोजा, झाला चतुष्फलक. टेट्रापॉड दाखवायला मरीन ड्राइव्हचा फोटो पुरतो. लाटा अडवणाऱ्या त्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना चार पाय असतात.

एका शब्दाला मात्र फसू नका. टिटॅनसच्या स्पेलिंगची सुरुवातही टी-ई-टी अशीच, पण त्यात चार नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘ताण’. या आजारात स्नायू आखडून शरीर कमानीसारखं वाकतं, आणि म्हणून आपण त्याला धनुर्वात म्हणतो.