सीझनआधी क्लस्टरच्या नेटवर्कची तयारी: जिनिंगवाल्यांसाठी यादी

पोळा सरला की जिनिंगमध्ये पट्टे बदलणं, ग्रीसिंग, काट्याची पडताळणी सुरू होते. सर्व्हरच्या खोलीकडे मात्र कुणी फिरकत नाही. काटापट्टी आणि चुकारे तीन सर्व्हरच्या क्लस्टरवर (एक पडला तर दुसऱ्याने काम उचलावं म्हणून एकत्र बांधलेल्या सर्व्हरवर) चालत असतील, तर नेटवर्कची तब्येत सांगणारी यंत्रणा कापसाच्या गाड्या लागण्याआधीच बसवून घ्या. खालचं सगळं पेसमेकर (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर चालवायची ते ठरवणारा प्रोग्राम) आणि कोरोसिंक (सर्व्हरना एकमेकांशी बोलतं ठेवणारा प्रोग्राम) धरून लिहिलंय. पण निम्मी कामं कुठल्याही क्लस्टरला लागू पडतात.

पहिलं काम कीबोर्डवरचं नाहीच. रॅकच्या मागे जा आणि कुठला प्लग कुठे गेलाय ते हाताने माग काढत बघा. सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच मात्र भिंतीतल्या साध्या बोर्डवर, हा प्रकार आपल्याकडे हमखास सापडतो. लाईन गेली की तिन्ही सर्व्हर जिवंत राहतात, पण एकमेकांना दिसत नाहीत. बहुमत (तिघांपैकी निदान दोघांची साथ) कुणाकडेच उरत नाही, म्हणून मूळ सेटिंगमध्ये तिघेही सेवा थांबवतात. काट्यावरचा माणूस म्हणतो सर्व्हर बिघडला, सर्व्हरचा लॉग म्हणतो नेटवर्क गेलं, आणि गेलेली असते फक्त स्विचची लाईट. म्हणून स्विचही यूपीएसवर घ्या, आणि यूपीएसचा इशारा व नेटवर्कचा इशारा एकाच ठिकाणी नोंदला जाईल असं करा. दोन्हींच्या वेळा शेजारी शेजारी दिसल्या की अर्धं निदान तिथेच होतं.

स्विचवर आलाच आहात तर स्पॅनिंग ट्री (स्विचच्या जाळ्यात डेटा गोल गोल फिरत राहू न देणारी पद्धत) बघून घ्या. जुन्या पद्धतीत पोर्ट खुला व्हायला १५ अधिक १५, म्हणजे ३० सेकंद जातात. कोरोसिंक ३.१ पासून टोकनची, म्हणजे सर्व्हरमध्ये फिरणाऱ्या हजेरीच्या निरोपाची, मूळ मुदत ३००० मिलिसेकंद आहे, आणि तीन नोडच्या (म्हणजे क्लस्टरमधल्या सर्व्हरच्या) यादीला तीत ६५० वाढतात. म्हणजे पावणेचार सेकंदांच्या आत उत्तर हवं आणि पोर्ट अर्धा मिनिट गप्प! केबल नुसती हलली तरी नोड बाहेर फेकला जाईल. सर्व्हरचे पोर्ट एज पोर्ट (ही वाट न बघता लगेच खुले होणारे) म्हणून ठरवून टाका. टोकनची मुदत वाढवून हे झाकायचा मोह होतो, पण मग खरा बिघाडही उशिरा कळतो.

क्लस्टरच्या गप्पांसाठी दोन वेगळे मार्ग ठेवा, दोन वेगळ्या स्विचमधून. कोरोसिंक ३ आठपर्यंत दुवे सांभाळतं, आपल्याला दोन पुरे. बॅकअपची वाहतूक त्या मार्गावर नकोच. ऑफिसपासून प्रेसिंगच्या शेडपर्यंत तांब्याची केबल ओढली असेल तर ती काढून फायबर टाका. तांब्याला १०० मीटरची मर्यादा आहेच, शिवाय मृगाच्या विजा त्याच वाटेने आत येतात. अर्थिंगचं रीडिंग आत्ता घेतलंत तर चांगलंच येणार, कारण काळी माती ओली आहे. भेगा पडलेल्या मे महिन्यात पुन्हा घ्या, ते खरं. रुईचा फुफाटा पंख्यांत बसतो, म्हणून जाळ्या साफ करून घ्या. आणि रॅकवर कुलरचा ओला वारा सोडू नका, कितीही उकडलं तरी.

आता मोजमाप. सगळं ठीक चालू असतानाचे आकडे आधी लिहून ठेवा, नाहीतर बिघाडाच्या दिवशी तुलना कशाशी करणार? प्रत्येक नोडवरून बाकी दोघांना पिंग (उत्तर येतं का ते बघणारा चाचणीचा निरोप): एकाच इमारतीत जाऊन-येऊन वेळ एका मिलिसेकंदाच्या आत असावा. मग तुकडे न करण्याची सक्ती लावून १४७२ बाइटचं पिंग. शीर्षकांचे २८ बाइट धरून ते बरोबर १५०० होतं, म्हणजे नेटवर्कवरच्या एका पाकिटाचा नेहमीचा कमाल आकार. जम्बो फ्रेम, म्हणजे ९००० ठेवली असेल तर ८९७२. छोटं पिंग जातं आणि मोठं अडतं, तर मधला एखादा पोर्ट जुन्याच आकारावर राहिलाय. आयपर्फ या चाचणीच्या प्रोग्रामने वेग मोजा, पण काटा बंद असताना. नेटवर्क कार्डावरच्या सीआरसी चुकांचा (वाटेत बिघडून आलेल्या पाकिटांचा) नुसता आकडा बघून घाबरू नका, तो वाढतोय का ते बघा. रीबूट झाल्यावर तो शून्यावर येतो हेही लक्षात असू द्या. तिन्ही नोडची घड्याळं क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामने एकमेकांशी जुळवा, इंटरनेट नसलं तरी जुळतील अशी.

पेसमेकरचा पिंग रिसोर्स (ठरलेल्या पत्त्यांना पिंग करून नोडचं नेटवर्क चालू आहे का ते बघत राहणारा भाग) लावताना बाहेरचा पत्ता देऊ नका. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडलं की क्लस्टर आपल्याच सेवा उगाच इकडून तिकडे हलवायला बघेल, आणि काट्याला तर इंटरनेट लागतही नाही. गावातल्या गावात, म्हणजे गेटवे (आपल्या नेटवर्कचं बाहेर जायचं दार) आणि काट्याचा संगणक असे दोन पत्ते द्या. नजर ठेवणारं यंत्र क्लस्टरच्या बाहेर हवं, जुना डेस्कटॉपही चालेल. नोंदी त्याच्याच डिस्कवर साठवा आणि इशारा सिमकार्डवाल्या मोडेमवरून एसएमएसने पाठवा. तक्ते-आलेखांची हौस नंतर. नागपुराहून इंजिनिअर यायला अर्धा दिवस जातो, तेव्हा दिवाणजी फोनवर वाचून दाखवू शकतील असे चार ओळींचे मराठी संदेश जास्त कामाचे: लाईट आहे का, स्विच दिसतो का, कोण कुणाला दिसत नाही, कधीपासून.

शेवटी बाजार समिती बंद असेल अशा दिवशी मुद्दाम बिघाड करा. एक केबल ओढा, एक स्विच बंद करा, आणि दर वेळी एसएमएस किती सेकंदांत आला ते लिहा. फेन्सिंगही (बिघडलेल्या नोडला जबरदस्तीने बंद करणारी सोय) खरंच नोड बंद करतं का ते याच दिवशी बघा. दुसरी केबल ओढण्याआधी पहिली परत जोडलेली असू द्या, आणि तो दुवा पुन्हा जुळल्याचं कोरोसिंकच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला हात लावू नका.